चोरांची गैरसोय होऊ नये म्हणून दुकानदारांना काही सूचना

बेळगावात दुकान काढलं की सगळा पैसा पाटीवर घालायचा, शटरवर नाही. पाटीवर ६० टक्के कन्नड पाहिजे असा कर्नाटकाचा २०२४ चा कायदाच आहे, तेव्हा नवीन पाटी, तिच्यावर लायटिंग, उद्घाटनाला गल्लीभर कुंदा, आणि एवढं करून उरेल त्यात खाली दोन्ही कोपऱ्यांना एकेक कुलूप. मधलं सेंटर लॉक कशाला, रोज वाकायचं कोण? चोराला नेमकी तीच जागा लागते. मधोमध पहार घातली की पत्रा गुडघाभर वर वाकतो आणि एखादं सडपातळ पोरगं पोटावर सरपटत आत जातं. सकाळी तुम्ही येता तेव्हा दोन्ही कुलपं जागच्या जागी, परवाच तेल घातलेली, आणि मध्ये कुत्रं आरामात जाईल एवढं भगदाड.

जादा चावी पण हवीच. ती शेजारच्या पानवाल्याकडे ठेवायची, पानवाला गावाला गेला तर त्याच्या मेव्हण्याकडे, आणि ती कुठं आहे हे निदान दहा जणांना माहीत पाहिजे, अडीअडचणीला बरं असतं.

आता कॅमेरा. चार कॅमेरे लावा, कमी लावले तर समोरचा दुकानदार काय म्हणेल. एक कॅमेरा गल्ल्यावर म्हणजे बरोबर लक्ष्मीच्या फोटोसमोर बसवायचा, दसऱ्याला त्याच्यापुढं झेंडूचं तोरण बांधायचं आणि ते दिवाळीपर्यंत तसंच वाळत ठेवायचं. मग रेकॉर्डिंगमध्ये चोर दिसत नाही पण झेंडू एकदम क्लिअर दिसतो. पासवर्ड कंपनीचाच ठेवा, बदलला तर लक्षात कोण ठेवणार. रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याचं, म्हणजे डीव्हीआरचं घड्याळ १ जानेवारी २००० दाखवत असेल तर दाखवू दे, पोलिसांनी विचारलं तर सांगायचं साहेब, यात पंचवीस-सव्वीस वर्षं मिळवून घ्या. आणि तो डीव्हीआर ठेवायचा कुठं, तर गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात, नोटांच्या शेजारी! म्हणजे चोराला दोन ठिकाणी शोधायला नको, पैसे आणि पुरावा एकाच पिशवीत. बॅकअपला इन्व्हर्टर लावायच्या भानगडीत पडू नका, रात्री करंट गेलं की कॅमेऱ्याला पण झोप पाहिजे. मोबाईलवर लाईव्ह दिसतंय म्हणून पाहुण्यांना कौतुकानं दाखवायचं मात्र विसरू नका, ‘बघा की, बसल्या जागी सगळं दुकान दिसतंय’, आणि पाहुणे गेले की ॲप बंद, बॅटरी खातंय ते.

बालाजीला जाताना शटरवर कागद चिकटवाच. ‘सहकुटुंब तिरुपतीस जात असल्याने दुकान सोमवारपर्यंत बंद राहील.’ मराठीत लिहा आणि खाली कन्नडमध्ये पण लिहा, सीमाप्रश्नात चोरमंडळी पूर्णपणे तटस्थ आहेत, कुणावर अन्याय नको. स्टेटसला फोटो तर हवेतच, गाडीत बसल्यापासूनचे. एवढी आगाऊ सूचना मिळाली की ते पण निवांत येतात, हायवे जवळच आहे, एकीकडं सीमेवरचं कोगनोळी, एकीकडं शिनोळी, उजाडायच्या आत माल महाराष्ट्रात. (गुन्हा कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, झिरो एफआयआर म्हणतात त्याला, आणि एफआयआरची कॉपी तक्रारदाराला फुकट मिळते, पण हे आपल्याला कळून काय उपयोग, आपण आधी आमदारांच्या पीएला फोन लावणार.)

संशय घ्यायची पण एक पद्धत असते. कामावरच्या पोराच्या खिशात रोज रात्री हात घालून बघायचं, चार माणसांसमोर, म्हणजे त्याला बरं वाटतं. साडूंचा थोरला मात्र दुपारी गल्ल्यावर बसतो आणि त्याच्या हातून बिलं कमी आणि नोटा जास्त सुटतात, त्याला काही विचारायचं नाही, घरात रामायण होतंय. शनिवारी गर्दीत कुणी पेमेंटचा स्क्रीनशॉट दाखवला तर मान हलवून माल द्या. साऊंडबॉक्स बोलला नाही तर त्याचा घसा बसला असेल.

आता विमा. घ्या, पण पॉलिसी वाचायची नाही, एजंट आपलाच माणूस आहे. वाचली तर कळेल की साध्या बर्गलरी पॉलिसीत फोडाफोडीची खूण लागते, पानवाल्याच्या मेव्हण्याकडच्या चावीनं दार उघडलेलं असेल तर क्लेम बसत नाही. शिवाय हप्ता वाचवायला १० लाखाचा माल असून ५ लाखाचीच पॉलिसी काढलेली असेल आणि त्यातला २ लाखाचा गेला तर कंपनी हिशोबानं १ लाखच देते, कारण निम्म्या मालाचा विमा तुम्ही स्वतःच उतरवलाय असं ती धरते. मग त्याच एजंटकडं जाऊन भांडायचं, तो चहा पाजतो.

पण खरी मजा पंचनाम्याला येते. साहेब विचारतात, सावकार, किती माल गेला? तुम्ही जोरात म्हणता नऊ लाख. बिलं दाखवा. आता वर्षभर अर्धी खरेदी चिठ्ठीवर आणि विक्री पण चिठ्ठीवर, वहीत तर सगळा स्टॉक मिळून चार लाखाचा! बाहेर निम्मी गल्ली जमलेली, आणि तुम्ही मनातल्या मनात नऊवरनं खाली उतरूलालाय, सात म्हणू का, पाच म्हणू का, शेवटी साडेतीनवर येऊन सही करता. ती बातमी ऐकून अकाउंटंट येतो आणि सांगतो, अण्णा, चोरीला गेलेल्या मालावरचं जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या टॅक्सची वजावट, घेतलं असेल तर ते पण परत करावं लागतंय, कलम १७(५) आहे तसं. तुम्ही त्याच्याकडं बघत राहता. ‘म्हणजे माल पण गेला आणि टॅक्स पण मीच भरायचा?’

‘होय की. बिलावरच्या मालाचाच, चिठ्ठीवरच्या मालाचं काय नाही.’

तेवढं ऐकून तुम्हाला जरा बरं वाटतं.