सौदा वसूल झाला का? नवोदित हॉकीरसिकांसाठी मार्गदर्शन

बर्फावरच्या हॉकीत आपल्या संघाने अदलाबदलीत नवा फॉरवर्ड आणला, की तो ‘वसूल’ झाला किंवा नाही, हे त्याच रात्री ठरवणे हे रसिकाचे पहिले कर्तव्य आहे. त्या गृहस्थाने नव्या संघाची जर्सी अद्याप अंगावर चढवलेली नसते, ही बाब गौण मानावी. नव्या सुनेने माप ओलांडण्याआधीच तिच्या हातच्या आमटीला मीठ कमी पडणार, हे ज्यांना कळलेले असते, अशी माणसे आपल्या प्रत्येक घराण्यात आहेत. त्यामुळे टोरांटोजवळच्या मिसिसागात येऊन स्थायिक झालेल्या माझ्यासारख्या मराठी माणसाला ही विद्या नव्याने शिकावी लागली नाही. आमटीच्या जागी पक, म्हणजे या खेळातली रबरी चकती, आणली, एवढाच फरक पडला.

अभ्यासासाठी मिक्को रांतानेनचे प्रकरण घ्यावे, कारण एकाच हंगामात तो तीन शहरांच्या रसिकांना पुरून उरला. २४ जानेवारी २०२५ रोजी कोलोरॅडो ॲव्हलांचने या फिनलंडच्या फॉरवर्डला कॅरोलायना हरिकेन्सकडे धाडले आणि मोबदल्यात मार्टिन नेचास, जॅक ड्र्युरी हे खेळाडू आणि ड्राफ्टमधल्या, म्हणजे होतकरू मुलांना संघांत वाटून देणाऱ्या वार्षिक निवडसोहळ्यातल्या, काही निवडी घेतल्या. मध्ये शिकागोच्या संघानेही हात धुऊन घेतला: रांतानेनचा निम्मा पगार आपल्या डोक्यावर घेऊन त्याने सौदा जमवून दिला आणि त्याच व्यवहारात टेलर हॉललाही कॅरोलायनाकडे रवाना केले. रांतानेनने तोवर त्या हंगामात ४९ सामन्यांत गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून ६४ गुण मिळवले होते, २०२२ साली कोलोरॅडोला स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकी लीगचे विजेतेपद, जिंकून देण्यात त्याचा वाटा होता आणि त्याचा करार उन्हाळ्यात संपणार होता. या तीन माहितींपैकी कोणती उच्चारायची आणि कोणती गिळायची, हे आपण कोणत्या गावात राहतो त्यावरून ठरवावे. कोलोरॅडोत असाल तर फक्त तिसरी लक्षात ठेवावी आणि ‘उन्हाळ्यात फुकट जाणारच होता’ असे म्हणावे. कॅरोलायनात असाल तर पहिल्या दोन पुरेशा आहेत.

पुढे काय झाले, हे सर्वज्ञात आहे. कॅरोलायनासाठी त्याने १३ सामने खेळून २ गोल केले. येथे नवशिक्या रसिकाला प्रश्न पडतो की १३ सामने हे प्रमाण निर्णयाला पुरेसे आहे काय. उत्तर सोपे आहे. गोल २ असतील तर १३ सामने भरपूर आहेत. गोल १० असते तर १३ सामन्यांवरून काहीही सिद्ध होत नाही, असे ठणकावून सांगता आले असते.

कॅरोलायनाचे जनरल मॅनेजर एरिक टल्स्की हे रसायनशास्त्रातले डॉक्टरेट आहेत. नॅनोतंत्रज्ञानात काम करता करता हॉकीच्या आकडेवारीवर लिहिणे हा त्यांचा छंद होता आणि त्या छंदापायी ते या खुर्चीपर्यंत पोहोचले. अशा माणसाने एखादा सौदा केला, की तो यशस्वी ठरल्यास ‘शेवटी विज्ञान ते विज्ञान’ म्हणावे आणि फसल्यास ‘प्रयोगशाळेत बसून हॉकी कळत नसते’ असे म्हणावे. दोन्ही वाक्ये एकाच इसमाने सहा आठवड्यांच्या अंतराने उच्चारल्याचे मी स्वतः ऐकले आहे आणि दोन्ही वेळा मी मान डोलावली होती, हेही नोंदवून ठेवतो.

रांतानेन कॅरोलायनाशी दीर्घ करार करायला राजी होईना, तेव्हा ७ मार्चला, म्हणजे अदलाबदलीच्या शेवटच्या दिवशी, त्याला डॅलस स्टार्सकडे पाठवण्यात आले. मोबदल्यात कॅरोलायनाला लोगन स्टँकोव्हन हा तरुण फॉरवर्ड, अटींसह २०२६ आणि २०२८ सालच्या पहिल्या फेरीतल्या निवडी आणि वर तिसऱ्या फेरीतल्या दोन निवडी मिळाल्या. डॅलसने त्याच्याशी आठ वर्षांचा, एकूण ९ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला. टेक्सासमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही, ही माहिती ज्यांना आदल्या दिवसापर्यंत नव्हती, ते सगळे त्या संध्याकाळी करसल्लागार झाले. आपणही व्हावे. खेळाडू आपल्या गावाला नाकारून दुसरीकडे गेला, तर त्यामागे कर असतो; आपल्या गावी आला, तर त्याला आपल्या गावची संस्कृती आवडलेली असते.

आमच्या मित्रमंडळात एक स्नेही आहेत, पेशाने हिशेबनीस. त्यांनी या सौद्यासाठी एक्सेलचा तक्ता केला होता. डावीकडे मिळाले ते, उजवीकडे दिले ते, आणि खाली ‘निकाल’ नावाचा एक चौकोन, जो त्यांनी ७ मार्चच्याच रात्री लाल रंगवून टाकला होता. डॅलसशी आमचा काडीचाही संबंध नाही. आम्ही सगळे टोरांटो मेपल लीफ्सचे. पण परक्या संघाच्या सौद्याचा हिशेब मांडताना मनाला जी शांती लाभते, ती स्वतःच्या संघाच्या बाबतीत १९६७ नंतर, म्हणजे लीफ्सने शेवटचा कप जिंकल्यानंतर, कोणाला लाभलेली नाही.

३ मे २०२५, शनिवार. कपसाठीच्या बाद सामन्यांच्या पहिल्या फेरीत डॅलसची गाठ नेमकी कोलोरॅडोशी पडली होती आणि मालिका तीन-तीन अशा बरोबरीत सातव्या सामन्याला येऊन ठेपली होती. आमच्या तळघरात सहा जण, मध्ये भेळेचे मोठे पातेले, आणि शेजारी लॅपटॉपवर उघडा ठेवलेला तो तक्ता. पहिल्या चार सामन्यांत रांतानेनचा एकही गोल नव्हता, ही गोष्ट स्नेही सारखी बोलून दाखवत होते. पाचव्या आणि सहाव्या सामन्यात तो चमकला, तेव्हा ते नेमके गावाबाहेर होते आणि म्हणून ते सामने त्यांनी हिशेबात धरले नव्हते. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या सत्रात कोलोरॅडो दोन-शून्य पुढे होते. ‘नऊशे साठ लाख पाण्यात,’ असे म्हणत स्नेह्यांनी भेळेवर आणखी कांदा टाकून घेतला.

मग रांतानेनने एक गोल केला. आम्ही तो नशिबाच्या खात्यात टाकला. थोड्याच वेळात तो पक घेऊन जाळ्याच्या मागून वळसा घालत आला, पुढे ढकललेला पक कोलोरॅडोच्याच एका बचावपटूच्या स्केटला लागला आणि आत गेला. बरोबरी. त्यानंतर त्याच्या पासवर वायट जॉन्स्टनचा गोल, आणि शेवटी रिकाम्या जाळ्यात त्याचा स्वतःचा तिसरा. डॅलस चार-दोन असे जिंकले. सातव्या सामन्याच्या तिसऱ्या सत्रात हॅटट्रिक एनएचएलच्या इतिहासात तोवर कोणी केली नव्हती, आणि ती ज्या संघाविरुद्ध झाली, त्याने सव्वातीन महिन्यांपूर्वीच त्याला विकले होते. चहा घेऊन आलेल्या यजमानीण बाईंनी विचारले, ‘मघाशी ज्याला शिव्या घालत होता, तो हाच ना?’ त्यावर स्नेही अत्यंत गंभीरपणे म्हणाले, ‘वहिनी, मी शिव्या कराराला घालत होतो, माणसाला नाही.’ आणि भेळेच्या हातानेच त्यांनी ‘निकाल’चा चौकोन हिरवा केला. तारीख मात्र ७ मार्चचीच ठेवली.

वाचकाने येथून घ्यायचा धडा तांत्रिक स्वरूपाचा आहे: तक्त्यात तारीख आधी आणि रंग मागाहून भरावा. स्केटला लागून पक आत गेला त्याऐवजी बाहेर गेला असता, तर सौदा फसलाच होता, हे सिद्ध करण्यासाठी लागणारे सर्व आकडे त्याच तक्त्यात हजर होतेच. एका पोलादी पात्याच्या कोनावर ९ कोटी ६० लाख डॉलरचा निवाडा अवलंबून राहतो, असे कोणी म्हणू लागल्यास त्याला हॉकी कळत नाही, असे सांगून गप्प करावे.

आकड्यांविषयी थोडे. खेळाडू बर्फावर असताना आपले गोल जास्त झाले की समोरच्यांचे, हे सांगणारा प्लस-मायनस हा आकडा आपल्या बाजूने असेल तर ‘जुने ते सोने’ आणि विरुद्ध असेल तर ‘कालबाह्य’ समजावा. तो कालबाह्य ठरला, की कोर्सीकडे वळावे. कोर्सी म्हणजे अडलेले आणि चुकलेले धरून दोन्ही बाजूंनी गोलच्या दिशेने मारलेल्या सगळ्या फटक्यांचा हिशेब. हे नाव बफेलोच्या एका गोलरक्षक-प्रशिक्षकाच्या आडनावावरून पडले आहे, आणि एवढे ठाऊक असले तरी चारचौघांत वजन पडते. तेही प्रतिकूल निघाल्यास ‘आकडे सगळे सांगत नाहीत, डोळ्यांनी बघा’ या शेवटच्या अस्त्राचा वापर करावा. सामना बघितलेला असण्याची अट नाही.

प्रगत विद्यार्थ्यांनी टोरांटोच्या फिल केसलचा अभ्यास करावा. २००९ साली लीफ्सने बॉस्टनकडून हा गोल करणारा फॉरवर्ड आणला आणि दोन वर्षांच्या पहिल्या फेरीतल्या निवडी आणि दुसऱ्या फेरीतली एक निवड देऊन टाकली. त्या पहिल्या दोन निवडींमधून बॉस्टनला टायलर सेगिन आणि डगी हॅमिल्टन मिळाले, २०११ साली सेगिनच्या पहिल्याच हंगामात बॉस्टनने कप जिंकला आणि तिथल्या प्रेक्षकांनी केसल समोर आला, की ‘थँक यू, केसल’ असा गजर सुरू केला. इकडे केसल वर्षानुवर्षे गोल करत राहिला, सामना चुकवायचा नाही, आणि तरीही त्याच्या नावाने बोटे मोडायचे काम शहरभर अखंड चालू होते. २०१५ साली त्याला पिट्सबर्गला पाठवल्यावर टोरांटोच्या एका वृत्तपत्रात तो रोज रस्त्यावरच्या गाडीवरून हॉट डॉग खात असे, अशी हकिकत छापून आली. मग २०१६ आणि २०१७ असे लागोपाठ दोन वर्षे पिट्सबर्गने कप जिंकला, आणि पुढे केसलने त्या कपातच हॉट डॉग भरून खाल्ले. या काळात त्याच्या पगारातले वर्षाला १२ लाख डॉलर टोरांटोच भरत होते. म्हणजे परगावी दिलेल्या मुलाच्या बारशाचा खर्चही आपणच केला, असे झाले.

हे ऐकून सौदा बुडीत गेला असे आपल्याला वाटले असेल, तर आपण अजून कच्चे आहात. केसल गेला म्हणून लीफ्स पुढच्या हंगामात तळाला गेले. तळाला गेले म्हणून २०१६ च्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड मिळाली. पहिली निवड मिळाली म्हणून ऑस्टन मॅथ्यूज आला. तेव्हा केसलला आणल्याचा खरा फायदा म्हणजे त्याला घालवता आले. हा युक्तिवाद मी शपथेवर मांडू शकतो, आणि गेली काही वर्षे प्रत्येक पराभवानंतर मांडतच आहे.

त्या पिट्सबर्ग संघात केसलच्या जोडीला कार्ल हॅगेलिन आणि निक बोनिनो होते, आणि तिघेही एका वर्षाच्या आत अदलाबदलीतूनच आलेले. बोनिनोच्या नावाचा पंजाबी समालोचनात जो पुकारा झाला, तो कॅनडाभर गाजला. मराठी समालोचन अजून कोणी सुरू केलेले नाही, हे एका अर्थी बरेच आहे. आपला समालोचक गोलाच्या आधीच निकाल सांगून मोकळा झाला असता.

डॅलस आणि कॅरोलायना हे दोन्ही संघ त्या मे महिन्यात उपान्त्य फेरीतच, पाच-पाच सामन्यांत बाहेर पडले, त्यामुळे वाद मिटण्याचा धोका टळला. ऑक्टोबरमध्ये कोलोरॅडोने नेचासशी आठ वर्षांचा ९ कोटी २० लाखांचा करार केला, तेव्हा स्नेह्यांनी तक्त्यात एक नवा स्तंभ घातला. ‘जास्तीच देऊन बसले’ असा शेरा त्यांनी स्तंभ रिकामा असतानाच लिहिला होता.

सध्या ते २०२८ च्या पहिल्या फेरीतल्या निवडीवर काम करत आहेत. त्या निवडीतून जो मुलगा येईल, तो सौद्याच्या दिवशी जेमतेम पंधरा वर्षांचा असणार. कुठल्या गावातल्या रिंकवर तो पहाटे आईबापांच्या गाडीतून सरावाला जातो, हे कोणालाच ठाऊक नाही, आणि रांतानेनच्या बदल्यात आपण दिले गेलो आहोत, हे त्याला ठाऊक नाही. स्नेह्यांच्या मते त्याचा बचाव कमकुवत आहे.