सिटी बसवर लागायचंय? आधी नुसतं बसायची प्रॅक्टिस करा

या मालक, बसा. नाही, खुर्ची नाही, तसंच भिंतीला टेकून बसा, सवय लागू दे.

पुण्याला जाऊन कुरिअरच्या गोण्या उचलून झाल्या, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माग चालवून झाले, आता घरचे म्हणायलेत सोलापुरातच काहीतरी बघ, आणि शेजारच्या काकूंनी सांगितलंय सिटी बसमध्ये घ्यायलेत म्हणे. घेतात की. तशी नोकरी दुसरी नाही. अंगात खाकी, छातीवर बॅज, मागं पन्नास माणसं आणि तुमच्या एका ब्रेकसरशी ती पन्नासच्या पन्नास पुढं. एवढी पावर नगरसेवकाकडंपण नसते. लोक उगाच घाबरवतील, हेवी गाडी जमेल का, हिशोब जमेल का, गर्दीत डोकं शांत राहील का. ते सगळं शिकता येतं हो. विचारायचा प्रश्न एकच, तुमचा वेळ दुसऱ्यानं फुकटात वापरला तर तुम्हाला कितपत राग येतो? जास्त येत असेल तर रिक्षा घ्या.

सुरुवात लायसनपासून. मोटार वाहन कायदा 1988 चा, त्यात ट्रान्सपोर्टच्या गाडीला वय 20 लागतं, आणि त्याचं लर्निंग काढायच्या आधी हलक्या गाडीचं लायसन निदान एक वर्ष हातात पाहिजे. म्हणजे बघा सरकारला तुमची किती काळजी, नोकरीच्या आधीच वर्षभर वाट बघायचं ट्रेनिंग. कंडक्टर व्हायचं तर 18 ला चालतं, पण त्याचं लायसन वेगळं, बॅज वेगळा, चकरा वेगळ्या. दोन चकरांत काम होतं असं सांगणारा माणूस एजंट असतो, लक्षात ठेवा. ट्रान्सपोर्टचं लायसन पूर्वी 3 वर्षांनी रिन्यू करायला लागायचं, 2019 च्या दुरुस्तीनंतर ते 5 वर्षं केलंय, त्यामुळं आता घरी बसूनसुद्धा लायसन बराच काळ ताजं राहतं.

मग भरती. जाहिरात कधी निघणार हे विचारायचं नसतं, तुम्ही नवीन आहात हे लगेच कळतं. महापालिकांना एक नियम आहे, आस्थापना खर्च म्हणजे पगारपाण्याचा बोजा 35 टक्क्यांच्या वर गेला की नवीन कायम भरतीला वरून परवानगी मिळत नाही. टक्का काढायचा उत्पन्नावरून, आणि उत्पन्न वाढवायचं काम काही तुमचं नाही, त्यामुळं त्यात पडू नका. जुनी माणसं रिटायर होत राहतात, सीट रिकामी होते, तिच्यावर बदली नाहीतर रोजंदारी नाहीतर ठेकेदाराचा माणूस बसतो. तुम्ही ठेकेदाराचा माणूस व्हा. एक सोय आहे त्यात, पगार लेट झाला की ठेकेदार म्हणतो वरून बिल निघालं नाही, वरचे म्हणतात आम्ही ठेकेदाराला दिलेत, आणि तुम्हाला दोन्हीकडं चहा मिळतो.

मेडिकलला रंगीत ठिपक्यांच्या गोलातला आकडा वाचायला लावतात, रंगांधळेपणा बघायला. नीट वाचा. पुढं सिग्नल चालू दिसला तर उपयोग होईल.

लागलात? अभिनंदन. आता ड्युटी चार्ट. इथं जरा वेळ काढा, कारण खरं पीएचडीचं मटेरियल इथंच आहे.

पहिली शिफ्ट म्हणजे पहाटे डेपोत हजर. शहरातली पहिली बस तुम्हीच काढणार, मग तुम्ही डेपोला कशानं येणार हा प्रश्न आजवर कुठल्या चार्टवाल्याला पडलेला नाही, तुम्हीपण पाडून घेऊ नका. दुसरी शिफ्ट म्हणजे दुपारपासून रात्रीपर्यंत, शेवटची फेरी, गाडी लावा, तिकिटाचं मशीन जमा करा, कॅश मोजा, ती भरा, दहा रुपये कमी आले तर खिशातनं घाला, दहा जास्त आले तर का आले ते लिहून द्या.

पण ड्युट्यांचा राजा म्हणजे स्प्लिट, दोन तुकड्यांत तोडलेली ड्युटी. सकाळी शाळा-ऑफिसची गर्दी आणि संध्याकाळी परतीची गर्दी, दोन्हीला माणूस पाहिजे, दुपारी बस रिकामी पळते मग दुपारचा पगार कशाला द्यायचा, एवढं साधं गणित. 1961 चा मोटार परिवहन कामगार कायदा होता, नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी नवे लेबर कोड म्हणजे नवे कामगार कायदे आलेत, तरी चार्टवाल्यांचा जीव याच जुन्या कायद्यात अडकलाय. त्यात लिहिलेलं, दिवसाला 8 तास, आठवड्याला 48, पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, आठवड्याला एक सुट्टी, ओव्हरटाइमला दुप्पट पगार. वाचूनच झोप लागावी इतकं गोड. मग खाली हळूच लिहिलेलं की हे आठ तास दोन तुकड्यांत करता येतील, फक्त पहिल्या तुकड्याच्या सुरुवातीपासून दुसऱ्याच्या शेवटापर्यंत 12 तासांच्या वर जाऊ नये. म्हणजे सहाला आलात तर सहाला सुटलात, बारा तास झाले, पगार आठचा, मधले चार तास तुमचे. तुमच्या मालकीचे! काहीपण करा! घर विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, असेल तर जाऊन-येऊन दीड तास गेला, आणि जाणार बसनंच, म्हणजे सुट्टीत पण बस. मे महिना असेल, बाहेर 43-44 डिग्री, तर डेपोतल्या गाडीत सीटवर आडवं व्हा, पत्रा असा तापलेला असतो की डबा वेगळा गरम करायला लागत नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन जा, दोन्ही खराब होत नाहीत.

याच कायद्यातलं माझं आवडतं वाक्य सांगू? कामाचे तास म्हणजे काय ते सांगताना म्हणलंय की शेवटच्या स्टॉपवर नुसतं हजर राहण्याचा वेळ 15 मिनिटांपेक्षा कमी असेल तर तो कामात धरायचा. कमी असेल तर. आता तुमच्या लक्षात आलंच असेल की हुशार चार्टवाला टर्मिनलवर तुम्हाला किती मिनिटं थांबवणार. तिथं तुम्ही चहा पिणार नाही, कारण गाडी सोडता येत नाही, झोपणार नाही, कारण पॅसेंजर काचेवर टकटक करतोय कधी सुटणार कधी सुटणार, पण काम? छे, काम कुठं करायलात तुम्ही, नुसते हजर आहात.

साप्ताहिक सुट्टीबद्दल एकच सल्ला, घरी आधी सांगू नका. आपल्याकडं नळाला पाणी काही दिवसांआड, आणि तुमची सुट्टी आठवड्यातनं एकदा, या दोन्हींचा योग ज्या दिवशी येतो त्या दिवशी स्पेअरचा, म्हणजे तुमच्या जागी येणारा, माणूस आजारी पडतो. बायको म्हणेल पाणी भरायला तरी घरी थांबा. तुम्ही म्हणा ड्युटी आहे. ती म्हणेल काल तर नव्हती. बरोबर आहे, काल नव्हती.

जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, वेळी रजा टाकायचा विचारसुद्धा नको. नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, होम मैदानावर पाळणे, सगळं सोलापूर रस्त्यावर आणि तुम्ही त्याच्या पलीकडं, वळवलेल्या रूटवर, गर्दी सरकायची वाट बघत इंजिन बंद करून बसलेले. ही वेळ मात्र कामात धरतात कारण तुम्ही मधल्या रस्त्यात अडकलाय, टर्मिनलवर नाही. फेऱ्या कमी भरल्या म्हणून मेमो येईल तो वेगळा.

आता रूटवर. कंडक्टरसाहेब, तुम्हाला चार भाषा लागतात, जाहिरातीत एकच लिहिलेली असली तरी. पुढं सरका, मुंदके होग्री, मुंदुकु जरगंडी, आगे सरको भाई. चारही भाषांत सांगून कुणी सरकत नाही ही आपली राष्ट्रीय एकात्मता. सुट्ट्या पैशाचं पण तसंच. तुम्ही नऊ रुपये परत द्या एवढं सगळ्यांना सगळ्या भाषांत येतं. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याआधी 2022 मध्ये पंचाहत्तरच्या वरच्यांना फुकट झालं, आणि हे दोन्ही तुमच्या गाडीत दिवसभर तुम्हालाच ऐकवतात. एसटीची सवलत एसटीची, सिटी बसची सिटी बसची, हे समजावून सांगायला जाऊ नका. विडीच्या टोपल्या घेऊन पहाटे चढलेल्या मावशीला कुठलं महामंडळ आणि कुठला उपक्रम, तिला बस दिसते, आणि खरं सांगायचं तर तिचंच बरोबर आहे.

ड्रायव्हरसाहेबांनी मात्र आरशात बघायचं सोडून पुढच्या शेअर रिक्षाकडं बघायचं. सात रस्त्यापासून आसरापर्यंत ती तुमच्या बरोबर पुढं, प्रत्येक स्टॉपवर तुमच्याच पॅसेंजरला हात करत, आणि तुमचं उत्पन्न दर किलोमीटरला किती पडलं हे संध्याकाळी तुम्हालाच विचारणार. शेड्युल वेळेवर पाळलंत तर पॅसेंजर रिक्षात, थांबलात तर मेमो. बरं, हॉर्न वाजवला तर रिक्षावाला मागं वळून म्हणतो काय अण्णा, घाई आहे का. घाई नाही हो, आम्ही नुसते हजर आहोत.

ई-बसची वाट बघताय? बघा की. केंद्रानं ऑगस्ट 2023 मध्ये पीएम ई-बस सेवा मंजूर केली, देशभरात 10,000 गाड्या, आपलं सोलापूरपण यादीत. गाडी ऑपरेटरची, ड्रायव्हर ऑपरेटरचा, आणि पैसे किलोमीटरवर. एसी असेल, आवाज नसेल, धूर नसेल. किलोमीटर पळाला तर ऑपरेटरला पैसे, म्हणजे चार्जिंगला उभ्या गाडीतला ड्रायव्हर नेमका कुणाच्या खर्चानं बसलाय हे तुम्ही जॉइन झाल्यावर हळूच विचारून बघा. विचारताना हसतमुख राहा, करार अकरा महिन्यांचा असू शकतो.

आणि आजचं शेवटचं काम. उद्याची ड्युटी कळायला ड्युटी क्लार्कला फोन लावा. सहाला लावलात तर म्हणेल अजून लिस्ट झाली नाही, आठला करा. आठला लावलात तर म्हणेल कुठं होता मालक, लिस्ट कधीच लागली, स्प्लिट उरलीये तेवढी.