पैसे घातले म्हणजे क्लब चालवला असं होत नाही: ब्लॅकबर्नवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

पुण्याची कोंबडी-अंड्यांची कंपनी व्यंकीज आणि तिच्या मालकीचा इंग्लंडमधला फुटबॉल क्लब ब्लॅकबर्न रोव्हर्स यांच्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. तुमचे आक्षेप थोडक्यात असे. ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड कर्ज काढून घेतला आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं. व्यंकीजने मात्र वर्षानुवर्षं स्वतःच्या खिशातून पैसे घातले, तरी मी दोघांना एकाच माळेत ओवलं. दुसरं, पुण्याच्या मराठी कंपनीचं कौतुक करायचं सोडून मी इंग्रज चाहत्यांच्या वंशद्वेषाला साथ दिली. आणि तिसरं, परिस्थिती इतकी वाईट असेल तर मालक क्लब विकून मोकळे का होत नाहीत, याचं उत्तर लेखात नव्हतं.

पहिला आक्षेप वजनदार आहे आणि त्यातला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. २००५ मध्ये ग्लेझरांनी सुमारे ७९ कोटी पौंडांना युनायटेड घेतला, त्यातले ५० कोटींहून अधिक उसने होते. १९३१ पासून कर्जमुक्त असलेला क्लब एका व्यवहारात कर्जबाजारी झाला. त्या कर्जातल्या एका भागाचं व्याज पुढे १६.२५ टक्क्यांवर गेलं होतं. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात शेअर विकले, तेही असे की ग्लेझरांच्या एका शेअरला दहा मतं आणि बाजारातून घेणाऱ्याला एक. म्हणजे पैसा क्लबमधून बाहेर जातो आणि सत्ता मात्र आत राहते.

व्यंकीजचं गणित याच्या उलट आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांनी वॉकर कुटुंबाच्या ट्रस्टकडून ९९.९ टक्के हिस्सा २.३ कोटी पौंडांना घेतला आणि क्लबवरची देणीही अंगावर घेतली. त्यानंतर दरवर्षीचा तोटा ते भरत आले. आजवर घातलेली रक्कम २० कोटी पौंडांच्या वर आहे, म्हणजे दोन हजार कोटी रुपयांहून जास्त. क्लबला दिलेल्या पैशांवर व्याजही लावलेलं नाही. या एका बाबतीत व्यंकीज ग्लेझरांपेक्षा कितीतरी बरे मालक आहेत, हे मी बिनशर्त लिहितो.

पण इथून पुढे तुमचा युक्तिवाद गळतो. इंग्लिश फुटबॉलमध्ये मालकाच्या पैशाला वरून टोपण आहे. चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत, तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त ३.९ कोटी पौंडांचा तोटा चालतो. तोही मालकाने भांडवल म्हणून, शेअर घेऊन भरून काढला तर. नाहीतर मर्यादा दीड कोटीवरच थांबते. अकादमी, महिला संघ, मैदानाची कामं यांचा खर्च या हिशेबात धरत नाहीत. त्यामुळे मालक कितीही श्रीमंत असला तरी पहिल्या संघावर तो मर्यादेपलीकडे उधळू शकत नाही. सगळे जवळपास त्याच टोपणाखाली असतात, तेव्हा फरक पडतो तो पैसा कोण, कधी आणि कशावर खर्च करतो याने. ब्लॅकबर्नची गोची नेमकी इथे आहे: पुणे आणि क्लबचं मैदान इवूड पार्क यांच्या मधल्या खुर्चीत बसून सही करायचा अधिकार कोणाला आहे, हे बराच काळ कोणालाच ठाऊक नव्हतं.

सुरुवातीचे महिने आठवा. खरेदीनंतर महिनाही उलटायच्या आत, डिसेंबर २०१० मध्ये, व्यवस्थापक (म्हणजे संघाचे मुख्य प्रशिक्षक) सॅम अ‍ॅलरडाइस यांना काढलं. संघ तेव्हा तेराव्या क्रमांकावर होता. त्यांच्या जागी आले स्टीव्ह कीन, प्रशिक्षक-चमूतले, मुख्य व्यवस्थापक म्हणून कोरे. खरेदीच्या काळात मालकांचे सल्लागार असलेले एजंट जेरोम अँडरसन यांचे कीन ग्राहक होते. यात बेकायदा काही नाही. पण खेळाडू आणि प्रशिक्षक यांचे व्यवहार करणं हाच ज्याचा धंदा, त्याच्या सल्ल्यावर नवख्या मालकाने विसंबावं, हे कोणत्याही धंद्यात धोक्याचं. त्याच हिवाळ्यात अनेक वर्षं कारभार पाहिलेले अध्यक्ष जॉन विल्यम्स गेले. क्लबमध्ये फुटबॉल कळणारा आणि मालकाला 'हे करू नका' म्हणू शकणारा वरिष्ठ माणूस उरला नाही. पुढच्या मोसमात ३१ गुण, एकोणिसावा क्रमांक, आणि प्रीमियर लीगमधून, म्हणजे पहिल्या श्रेणीतून, घसरण. विगनविरुद्धच्या त्या सामन्यात मैदानात सोडलेल्या कोंबडीचा फोटो सगळ्यांनी पाहिला. विल्यम्स यांच्या जाण्याची बातमी मात्र फार कोणी वाचली नाही, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते.

हेनिंग बर्ग यांचं प्रकरण तर मालकी या विषयाच्या अभ्यासक्रमात लावावं असं आहे. ऑक्टोबर २०१२ च्या अखेरीस त्यांना व्यवस्थापक नेमलं आणि ५७ दिवसांत काढलं. करार जून २०१५ पर्यंतचा होता. मुदतीआधी काढलं तर उरलेल्या काळाचं मूळ वेतन क्लब देईल, असं त्यात कलम होतं. ती रक्कम झाली साडेबावीस लाख पौंड. क्लबने आधी ही देणेदारी कबूल केली. नंतर कोर्टात पवित्रा बदलला आणि म्हटलं की व्यवस्थापकीय संचालक डेरेक शॉ यांना असा करार करायचा मालकांकडून अधिकारच नव्हता. एप्रिल २०१३ मध्ये न्यायालयाने कबुली मागे घेऊ दिली नाही. पैसे द्यावे लागले.

यातला पैशाचा भाग बाजूला ठेवा, साडेबावीस लाख पौंड फुटबॉलमध्ये रोज वाया जातात. पण एखाद्या क्लबने स्वतःच कोर्टात सांगावं की आमच्या व्यवस्थापकीय संचालकाला व्यवस्थापकाचा करार करायचा अधिकार नव्हता? मग तो कोणाला होता? बर्ग यांच्यानंतर आलेले मायकल अ‍ॅपलटन ६७ दिवस टिकले. त्या काळात शॉ यांच्या जोडीला 'ग्लोबल अ‍ॅडव्हायझर' म्हणून शेबी सिंग होते. आपल्याकडे ईएसपीएन-स्टारवर सामन्यांआधी बोलताना दिसायचे, तेच. क्लबमध्ये दोन सत्ताकेंद्रं आणि तिसरं पुण्यात. त्याच वर्षी जॉर्डन ऱ्होड्ससाठी ८० लाख पौंड मोजले होते आणि तो पुढे गोलमागून गोल करत राहिला. तेव्हा पैसा नव्हता असं कोणी म्हणू शकत नाही.

हा जुना इतिहास झाला, असं तुम्ही म्हणाल. मग अलीकडचं पाहू. जानेवारी २०२३ च्या शेवटच्या दिवशी नॉटिंगहॅम फॉरेस्टचा लुइस ओब्रायन लोनवर, म्हणजे उसना, येणार होता. कागदपत्रं वेळेत पोहोचली नाहीत, नोंदणी नाकारली गेली. त्या मोसमात ब्लॅकबर्न ६९ गुणांवर सातवा आला. सहाव्या सुंदरलँडचेही ६९ गुण होते. गोलफरकावर प्लेऑफ, म्हणजे वरच्या श्रेणीत जाण्यासाठीची बाद फेरी, हुकलं. ओब्रायन असता तर एक गुण जास्त मिळाला असता का, हे सिद्ध करता येत नाही, पण चाहत्यांना विचारून पाहा. बरं, एकदा ठेच लागल्यावर माणूस शहाणा होतो. बरोबर एका वर्षाने ऑर्लँडो सिटीच्या डंकन मॅग्वायरचं लोन पुन्हा कागदपत्रांतल्या चुकीमुळे फसलं. शेवटच्या दिवशी होणाऱ्या व्यवहारात दोन्ही क्लबांच्या सह्या, खेळाडूचा करार, परदेशातून येत असेल तर फिफाच्या प्रणालीतली नोंद, सगळं मिनिटांच्या हिशेबात बसवावं लागतं. मंजुरी जितकी उशिरा, तितका कारकुनाच्या हातात वेळ कमी. अशी चूक कारकुनाच्या नावावर जमा होते. तिचं मूळ बहुतेक वेळा वरच्या दिरंगाईत असतं.

दिरंगाईची याहून महाग किंमत म्हणजे बेन ब्रेरेटन डियास. फॉरेस्टकडून बऱ्यापैकी रक्कम मोजून घेतलेला, चिलीकडून खेळू लागल्यावर भाव वाढलेला स्ट्रायकर. वेळेत विकला नाही, नवा करार झाला नाही, आणि २०२३ मध्ये मुदत संपताच तो एक पैसाही न देता विलारेआलला गेला. मध्यम ऐपतीच्या क्लबने हे करू नये, कारण खेळाडूची विक्री हाच तोट्याच्या टोपणाखाली श्वास घ्यायचा मार्ग असतो. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत विभागून खर्ची टाकतात आणि विकल्यावर उरलेल्या पुस्तकी किमतीपेक्षा जास्त मिळेल तेवढाच नफा धरतात. अकादमीतून आलेल्याची पुस्तकी किंमत शून्य असते, म्हणून सगळी रक्कम नफा. फेब्रुवारी २०२४ मध्ये अ‍ॅडम व्हार्टन क्रिस्टल पॅलेसला १.८ कोटी पौंड अधिक बोनस या भावाने गेला, ते सगळं नफ्यातच जमा झालं. अकादमी उत्तम आहे, आणि ती चालवायला मालकांनीच पैसे दिलेत, हेही श्रेय त्यांचंच.

व्यवस्थापक टोनी मोब्रे यांचा २०१७ ते २०२२ हा काळ मी लेखात थोडक्यात उरकला, अशीही तुमची तक्रार होती. २०१७ मध्ये ५१ गुण मिळवूनही गोलफरकावर क्लब तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब इतका खाली जाण्याची ती पहिलीच वेळ. मोब्रे यांनी एका वर्षात वर आणला आणि नंतर स्थैर्य दिलं. माझ्या मते व्यंकीजच्या मालकीतली ती सर्वांत चांगली वर्षं, कारण तेव्हा एक माणूस जागेवर राहिला आणि मालक शांत राहिले. त्यानंतर योन डाल टोमासन फेब्रुवारी २०२४ मध्ये गेले. जॉन युस्टेस तर फेब्रुवारी २०२५ मध्ये संघ प्लेऑफच्या जागेवर असताना तळाशी झगडणाऱ्या डर्बीकडे गेले. वर चढणारा व्यवस्थापक खाली बुडणाऱ्या क्लबकडे आपणहून जातो, तेव्हा पगाराव्यतिरिक्त काहीतरी बिघडलेलं असतं. त्याच वर्षी महिला संघ दुसऱ्या श्रेणीतून बाहेर काढला गेला, कारण परवान्याच्या अटी पुऱ्या करायचा खर्च केला गेला नाही.

आणि 'स्वतःच्या खिशातून' या तुमच्या शब्दांबद्दल. खिसा भारतात आहे, आणि परदेशी पैसे पाठवण्याबाबत ईडीची चौकशी सुरू झाल्यावर प्रत्येक हप्त्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली. न्यायालयाने ती देताना पाठवायच्या रकमेइतकी बँक हमी मागितली. म्हणजे क्लबला एक पौंड द्यायचा तर दुसरा एक पौंड इथे अडकवायचा. हा दोष सिद्ध झाल्याचा पुरावा नाही, तसं मी कुठेही म्हटलेलं नाही. पण पगाराची तारीख महिन्याला येते आणि सुनावणीची तारीख कोर्टाच्या सोयीने. अशा स्थितीत क्लब खर्च आखडता घेणारच, मालकाची इच्छा काहीही असो.

आता मराठीपणाचा मुद्दा. कंपनी पुण्याची खरी, पण तिचं मालक राव कुटुंब मूळचं तेलुगू आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये ब्लॅकबर्नने बालेवाडीत पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळला, ३-० ने जिंकला. त्यापलीकडे पुण्याच्या फुटबॉलला या मालकीतून फारसं काही मिळाल्याचं दिसत नाही. वंशद्वेषाचं म्हणाल, तर काही घोषणांमध्ये तो असेलही आणि तिथे त्याचा निषेधच हवा. पण विरोधाचं मूळ तिथे शोधाल तर फसाल. लेस्टरमध्ये थायलंडचे क्लबमालक विचाई श्रीवद्धनप्रभा यांचा पुतळा मैदानाबाहेर उभा आहे. न्यूकॅसलचे चाहते तेव्हाचे मालक माइक अ‍ॅशलींच्या विरोधात वर्षानुवर्षं घोषणा देत होते, आणि ते अस्सल इंग्रज. ब्लॅकबर्नकरांकडे तुलनेला जॅक वॉकर होते: गावातलाच पोलादवाला, ज्याने १९९२ मध्ये स्ट्रायकर शिअररसाठी ३६ लाख पौंड मोजले आणि १९९५ मध्ये विजेतेपद पाहिलं. त्यांच्यानंतर आलेला कोणताही मालक तोकडाच पडला असता, हे मात्र व्यंकीजच्या बाजूने म्हणायला हवं.

राहिला विक्रीचा प्रश्न. चॅम्पियनशिपमधल्या अनेक क्लबांत पगारच उत्पन्नाच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. इवूड पार्कची क्षमता ३१ हजार, एरवी निम्म्या खुर्च्या रिकाम्या. घेणाऱ्याला क्लबच्या किमतीशिवाय दरवर्षी दीड-दोन कोटी पौंड भरायची तयारी लागते, आणि ते कुठून येणार याचा पुरावा लीगला द्यावा लागतो. विकणाऱ्याने आधीच २० कोटी घातलेले. ते परत मिळायची शक्यता नाही. मग भाव जुळणार कसा? मालक विकतही नाही आणि पैसेही थांबवतो तेव्हा काय होतं, ते शेफील्ड वेन्सडेने ऑक्टोबर २०२५ मध्ये दाखवलं: क्लब प्रशासकांच्या हाती आणि बारा गुण वजा. म्हणून ब्लॅकबर्नचा चाहता मालकाविरुद्ध फलक धरतो आणि त्याच मालकाचा हप्ता आला का, हेही पाहत असतो.

ते तुम्हालाही घरबसल्या पाहता येईल. ब्रिटनच्या कंपनी नोंदणी कार्यालयाच्या, म्हणजे कंपनीज हाउसच्या, संकेतस्थळावर नोंदी फुकट आहेत. क्लबची कंपनी आणि तिच्या वरची व्यंकीज लंडन लिमिटेड, दोन्ही शोधा. एसएच०१ हा अर्ज दिसला की नवे शेअर निघाले, म्हणजे भांडवल आलं. वार्षिक हिशेबात गटातल्या कंपन्यांना किती देणं आहे, ती टीप वाचा. मग लेखापरीक्षकाने क्लब पुढचं वर्ष चालेल का याबद्दल काय लिहिलंय, तो परिच्छेद, कारण मालकाने पाठिंब्याचं पत्र दिलं आहे की नाही ते तिथे कळतं. शेवटी तारणांची नोंद. तिथे नव्याने काही चढलेलं दिसलं, तर मालक पैसे स्वतः घालायचे सोडून क्लबची मालमत्ता गहाण ठेवून बाहेरून उचलू लागला, असं समजायला हरकत नाही.