लावणीचा वाद आणि बेसी स्मिथचा करार

गावाकडे जत्रांचा हंगाम सुरू झाला की व्हॉट्सअ‍ॅपवरून तोच वाद इथे फिलाडेल्फियात येऊन धडकतो. अमकीची लावणी अश्लील, तमकीची अस्सल. संस्कृतीवर दोन्हीकडचे हिरिरीने भांडतात. नाचणारीच्या हातात सुपारीतले किती पडले, हे कुणी विचारत नाही.

आमच्या शहराच्या वेशीवर, शॅरन हिलच्या दफनभूमीत, ब्लूज हे अमेरिकी कृष्णवर्णीयांचं गाणं गाणाऱ्या बेसी स्मिथला पुरलंय. टेनेसीतल्या चॅटनुगाची ही पोरकी मुलगी भावाच्या गिटारवर रस्त्यात गायची, मग मा रेनी ही ब्लूज गायिका होती त्या फिरत्या मंडळीत शिरली. पुढे तंबूतले खेळ, गावोगावचे मुक्काम, थेट आपल्या फडासारखं. ब्लूज म्हटलं की शिकलेसवरलेले कृष्णवर्णीयही नाक मुरडत. ब्लॅक स्वान या कृष्णवर्णीयांच्याच रेकॉर्ड कंपनीने तिला नाकारलं.

१९२३ साली कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने घेतलं आणि पहिल्याच तबकडीच्या लाखो प्रती खपल्या. पण करारात रॉयल्टी, म्हणजे खपातला वाटा, नव्हता. पसंत पडलेल्या गाण्यामागे १२५ डॉलर रोख, विषय संपला. दौऱ्यांवर ती बक्कळ कमवायची, स्वतःचा रेल्वेचा डबा बाळगण्याइतकं. मंदी आली, कंपनीने तिला सोडलं, आणि १९३३च्या शेवटच्या ध्वनिमुद्रणाला गाण्यामागे साडेसदतीस डॉलर हातावर टेकवले गेले.

१९३७ साली मिसिसिपीत मोटार अपघातात ती गेली. गोऱ्यांच्या इस्पितळाने तिला दारातून परत पाठवलं, ही कथा इथे अजून सांगतात. ती खोटी आहे. सोयीची मात्र आहे, कारण तिच्यात खलनायक इस्पितळ ठरतं, करार नाही. अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले, पण थडग्यावर दगड बसायला १९७० उजाडलं. खर्च केला जॅनिस जॉप्लिन या गोऱ्या गायिकेने आणि लहानपणी बेसीच्या घरी काम केलेल्या हुआनिता ग्रीनने.

आपल्याकडे राष्ट्रपती पदक मिळालेल्या तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर २००२ साली हलाखीत गेल्या. त्यांच्या नावाचा सरकारी पुरस्कार सुरू झाला २००६ मध्ये.

आम्ही परदेशस्थ तर आणखी सोवळे. मंडळाच्या गणपतीत डॉक्टर-इंजिनिअर बायका नऊवारी नेसून लावणी करतात, शिट्ट्या पडतात, अश्लीलतेचं नावही निघत नाही. त्यांचं पोट लावणीवर नाही ना!

आता जत्रेतल्या खेळाचे तुकडे यूट्यूबवर लोक टाकतात, आपण सगळेच बघतो. जाहिरातीचे पैसे व्हिडिओ टाकणाऱ्याला. सुपारी ठरते तेव्हाच या पैशातला नाचणारीचा वाटा लेखी ठरवायला काय हरकत आहे?