‘साखर नाही, कितीही खा’: त्या मेसेजला एका लाडूवालीचं उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत तो मेसेज मला पाचदा आला. एकदा माहेरच्या ग्रुपवर, एकदा भजनी मंडळाच्या ग्रुपवर आणि तीनदा थेट, ‘काकी, हे तुमच्याच लाडवांबद्दल दिसतंय’ असं म्हणून. मी गोव्यात, फोंड्यात घरूनच लाडू करून विकते. नोंदणीचा एक कागद, एक डिजिटल काटा आणि दोन शेगड्या, एवढाच माझा कारखाना. त्यामुळे हा मेसेज म्हणजे माझी फुकटची जाहिरात. ऑर्डरी वाढल्यासुद्धा, खोटं कशाला बोलू. तरी उत्तर लिहायला बसले, कारण परवा ओळखीतला एक मुलगा दोन डबे न्यायला आला आणि सहज म्हणाला, “बाबांना शुगर आहे, पण यात साखर नाही ना काकी? मग रोज चार देतो.”

ज्यांच्यापर्यंत मेसेज पोचला नसेल त्यांच्यासाठी त्यातला मजकूर थोडक्यात असा: ‘नाचणी, माडाचं गोड, सुकं खोबरं आणि साजूक तुपाच्या या गोवन एनर्जी लाडवात साखरेचा कणही नाही, मधुमेहींनी कितीही खावेत. नाचणीत दुधाच्या दहापट कॅल्शियम. रोज एक लाडू खा, लोहाच्या गोळ्या बंद करा. काजू घालू नका, कोलेस्टेरॉल वाढतं. प्रिझर्व्हेटिव्ह नसूनही तीन महिने टिकतात. बाजारातले एनर्जी बार म्हणजे विष.’ खाली हात जोडलेले इमोजी आणि ‘दहा जणांना पाठवा’.

वाद घालण्याआधी लाडू काट्यावर ठेवू. माझा एक लाडू ४० ग्रॅमचा. त्यात साधारण १२ ग्रॅम नाचणीचं पीठ, १२ ग्रॅम गूळ, ६ ग्रॅम काजू, ५ ग्रॅम सुकं खोबरं आणि ५ ग्रॅम तूप. बेरीज केली तर २०० कॅलरींच्या आसपास जाते, म्हणजे दोन मध्यम केळी. पुढचं सगळं या आकड्यांवरच आहे.

‘साखरेचा कणही नाही.’ माडाचं गोड, म्हणजे माडाचा गूळ, कसा होतो हे पाहिलेल्या माणसाने ही ओळ लिहिली नसावी. रेंदेर माडावर चढतो, न उमललेल्या फुलोऱ्याला काप देतो आणि मडक्यात सूर, म्हणजे त्यातून झरणारा गोड रस, उतरवतो. ती आंबायच्या आत चुलीवर चढवायची आणि घट्ट होईपर्यंत आटवायची. पाणी उडून जातं, गोडवा मागे राहतो. हा गोडवा म्हणजे मुख्यतः सुक्रोज, उसाच्या साखरेत असतं तेच. हीच सूर आटवण्याऐवजी आंबू दिली तर तिची दारू होते, आणखी ठेवली तर व्हिनेगर होतं, जे शेजारच्या ख्रिस्ती घरांत सोरपोतेलात, म्हणजे डुकराच्या मटणाच्या कालवणात पडतं. साखर नसती तर आंबलं काय असतं?

उसाच्या गुळाचंही तेच. त्यात ६५ ते ८५ टक्के सुक्रोज असतं, वर थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० कॅलरी, तर तेवढ्याच गुळात सुमारे ३८०. खनिजं गुळात थोडी जास्त आणि चव कितीतरी जास्त. मी तो चवीसाठीच घालते. माडाचं गोड घातलेल्या लाडवाला जो धुरकट वास येतो तो दुसऱ्या कशाला येत नाही, आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ते चांगलं मिळालं तर मी दोन पैसे जास्त मोजते. पण रक्तात गेल्यावर त्या वासाला कोण विचारतो?

आता त्या मुलाचे चार लाडू घ्या. ४८ ग्रॅम गूळ झाला, म्हणजे चमच्याच्या मापाने दहा चमचे साखर. बाबांच्या चहात दहा चमचे साखर कुणी घातली असती तर यानेच आरडाओरडा केला असता. जागतिक आरोग्य संघटना सांगते की अशी वरून घातलेली साखर, आणि तिच्या हिशेबात गूळ आणि मधही येतात, दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत असावी. २००० कॅलरींच्या आहारात ती ५० ग्रॅम होते, आणि निम्म्यावर ठेवता आली तर उत्तम. म्हणजे चार लाडवांतच धडधाकट माणसाची मर्यादा संपत आली. नाचणीचं पिष्ट अजून मोजलंच नाही.

‘मग गूळ काढून खजूर घाला’ असं सुचवणाऱ्या दोघीतिघी असतातच. खजुरात तंतू असतात हे खरं, पण त्याचा दोन तृतीयांश भाग साखरच असतो. त्याने लाडवाची जात बदलत नाही.

त्या मुलाला मी एवढंच सांगितलं: डॉक्टरांकडे जाशील तेव्हा ‘हेल्दी लाडू चालेल का’ असं विचारू नको. ‘१२ ग्रॅम गूळ आणि १२ ग्रॅम नाचणी असलेला लाडू चालेल का, आणि किती’ असं विचार.

‘नाचणीत दुधाच्या दहापट कॅल्शियम.’ नाचणी कॅल्शियमला चांगली, यात वाद नाही. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गाईच्या १०० ग्रॅम दुधात साधारण १२०. तिप्पट झालं, दहापट कुठून आलं कळत नाही. आणि ही तुलना कोरड्या पिठाची आणि पातळ दुधाची आहे. दूध आपण पेलाभर पितो, त्यातून २४० मिलिग्रॅम मिळतं. लाडवात पीठ १२ ग्रॅम, त्यातून ४२ मिलिग्रॅम. प्रौढ माणसाला दिवसाला १००० लागतं.

शिवाय नाचणीतलं फायटेट हे कॅल्शियम आणि लोह धरून ठेवतं, सगळं अंगी लागू देत नाही. आमच्या आज्या नाचणी भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून, भाजून मग दळत. मोड आल्याने फायटेट कमी होतं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, पोराला पचतं एवढं त्या बघत होत्या. मी उन्हाळ्यात असंच पीठ करून ठेवते. पावसात मोड आणण्याच्या फंदात पडत नाही, वाळतच नाही ते, आंबूस वास धरतं.

तिजानाबद्दल, म्हणजे नाचणीच्या खिरीबद्दलही एक गोष्ट सांगायची राहून जाते. भिजवलेली नाचणी वाटून फडक्यातून गाळली की तिजान गुळगुळीत होतं, पण नाचणीचं बरंचसं कॅल्शियम तिच्या टरफलात असतं, आणि ते आपण चोथ्याबरोबर गाईला घालतो. मला स्वतःला गाळलेलंच तिजान आवडतं. नारळाचा रस घालून कोमट पिते, हाडांचा विचार करत नाही.

‘रोज एक लाडू खा, लोहाच्या गोळ्या बंद करा.’ सगळ्या मेसेजात मला भीती वाटते ती याच ओळीची. माझ्या लाडवात नाचणीचं, गुळाचं, काजूचं मिळून लोह दीड मिलिग्रॅमच्या आतच भरतं. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०२० साली ठरवलेल्या मापाप्रमाणे प्रौढ बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं. गरोदर बाईला सरकारी आरोग्य केंद्रातून जी गोळी मिळते तिच्यात ६० मिलिग्रॅम असतं आणि ती किमान १८० दिवस रोज घ्यायची असते. एका गोळीची बरोबरी करायची तर चाळीस लाडू खावे लागतील. चाळीस लाडू म्हणजे ८००० कॅलरी. बाळंतपणाआधी बाईचं काय होईल याची कल्पना करा.

गोळीने मळमळतं, पोट घट्ट होतं, म्हणून बायका ती सोडायला निमित्तच शोधत असतात. माझ्या ओळखीत एकीने सोडलीही होती, तेही माझा लाडू हातात धरून. मळमळ होत असेल तर दवाखान्यात सांगा, वेळ बदलून देतात, गोळी बदलून देतात.

आणि लाडवातलं आहे ते थोडं तरी लोह अंगी लागावं असं वाटत असेल, तर तो चहाबरोबर खाऊ नका. आपण नेमके चारच्या चहालाच डबा उघडतो. चहातल्या टॅनिनमुळे धान्यातलं लोह कमी शोषलं जातं. तासभर मध्ये जाऊ द्या. लिंबाचं सरबत किंवा आवळा बरोबर असेल तर उलट मदत होते. सवय मोडणं कठीण आहे, माझी मोडलेली नाही.

‘काजू घालू नका, कोलेस्टेरॉल वाढतं.’ गोव्यात राहून ही ओळ पुढे ढकलणाऱ्यांची मला कमाल वाटते. कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असतं: दूध, तूप, अंडी, मांस, मासळी. काजू झाडाला लागतो, त्यात ते नसतंच. काजूत १०० ग्रॅममागे ४४ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो, पण त्यातला निम्म्याहून जास्त ऑलिव्ह तेलात असतो त्या प्रकारचा. बदामात तर एकूण स्निग्धांश काजूपेक्षा जास्तच. आता गंमत बघा. ज्या मेसेजमध्ये काजूला बंदी आहे त्याच मेसेजात सुकं खोबरं आणि साजूक तूप सढळ हाताने आहे. तुपात कोलेस्टेरॉल आहे आणि संपृक्त स्निग्धांश भरपूर. खोबऱ्यात कोलेस्टेरॉल नाही, पण त्याचा बहुतेक स्निग्धांश संपृक्तच, आणि रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो तो हाच. चोर सोडून संन्याशाला फाशी!

काजू मूळचा आपला नव्हे, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तो ब्राझीलहून आणला. नावसुद्धा तिकडच्या तुपी भाषेतून पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आलं. पण २०२३ साली ‘गोवा काजू’ला भौगोलिक मानांकन मिळालं, ते उगाच नाही. बाहेरून आणलेल्या बियांचे काजू गोव्याचे म्हणून खपवले जातात ही इथल्या कारखानदारांची जुनी तक्रार आहे, आणि दुकानात चकचकीत डब्यातला काजू खाऊन पाहिला की ती खरी वाटते. ज्यांना काजूची ॲलर्जी आहे त्यांनी अर्थात लांबच राहावं. ती गंभीर असू शकते, म्हणून मी डब्यावर ‘काजू आहेत’ असं ठळक लिहिते. लहान पोरांना अख्खा काजू देऊ नये, घशात अडकतो. लाडवात भरड करून घाला.

एनर्जी बारचं विष? त्यावर फार शाई खर्च करत नाही. काही बार नुसत्या ग्लुकोज सिरपचे असतात, काही बरे असतात. वेष्टनावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, पहिले तीन वाचले तरी कळतं. तसा नियम माझ्या लाडवाला लावला तर पहिल्या क्रमांकावर नाचणी आणि गूळ बरोबरीने येतात. मग बोला.

‘एनर्जी’ या शब्दाचं मात्र मला कौतुक आहे, कारण त्याचा साधा अर्थ कॅलरी. आपल्याकडे उकड्या तांदळाचं पीठ, खोबरं आणि गुळाचं पिनाग्र करायचे, ते भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, आणि शेतात राबणाऱ्यांसाठी. सकाळी अकराला पेज आणि खारातली तोर, म्हणजे मिठाच्या पाण्यातली कैरी, खाऊन माणूस पुन्हा चिखलात उतरायचा, मध्ये भूक लागली तर कमरेची पुडी सोडायचा. थोड्या जागेत जास्त कॅलरी, न सांडता नेता येणाऱ्या, हीच त्या खाऊची खुबी. आजही डोंगर चढणाऱ्याला, फुटबॉल खेळून आलेल्या पोराला, भूक मंदावलेल्या वजन घटलेल्या आजोबांना लाडू उत्तम. पणजीत दिवसभर खुर्चीत बसून परत येताना बसमध्येही बसणाऱ्याला पोटाला आधार म्हणून एक पुरे. जास्त प्रथिनं हवीत तर मूठभर भाजलेले चणे खिशात ठेवावेत. नाचणीत ती सात टक्क्यांच्याच घरात, लाडवातून दोन-अडीच ग्रॅम मिळाली तर मिळाली.

राहिलं ‘तीन महिने टिकतात’. कुठे टिकतात, राजस्थानात? गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर इथे मीठ पाणी सोडतं, चपलेला बुरशी येते, आणि गूळ तर हवेतलं पाणी ओढण्यात पटाईत. ओलं खोबरं घातलेला लाडू दोन दिवसांत संपवायचा किंवा फ्रीजमध्ये ठेवायचा. सुकं खोबरं घ्याल तर आधी मंद आचेवर कोरडं भाजा, तसेच काजू भाजा, सगळं पूर्ण गार झाल्यावरच वळा. गरम लाडू डब्यात घातले की झाकणाला आतून घाम सुटतो आणि तिथूनच बुरशी सुरू होते. स्निग्धांश इतका असल्यावर खवटपणाही येणारच. उन्हाळ्यात मी तीन आठवडे म्हणते, पावसात दहा दिवस. डब्यात ओला चमचा नको, ओला हात नको.

बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढा खरवडून बाकीचा खायचा नाही. शेंगदाणा आणि खोबऱ्यावर वाढणाऱ्या काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडतात, ते यकृताला बाधतं आणि पुन्हा भाजून जात नाही. इतका सोन्यासारखा लाडू टाकायचा म्हणून हळहळ वाटते हे मला कळतं. मी चवथीच्या आधल्या आठवड्यात अख्खा घाणा टाकला आहे, खोबरं पुरेसं भाजलं नव्हतं म्हणून. नवरा दोन दिवस बोलला नाही.

तो मुलगा काल पुन्हा आला. डॉक्टरांनी बाबांना अधूनमधून अर्धा लाडू चालेल म्हटलं, त्या वेळी भात कमी करून. अर्धा मोडून ठेवला की दुसरा अर्धा बाबा खातातच, म्हणून २० ग्रॅमचे छोटे वळून द्या म्हणाला. दिले. मग किंमतही निम्मी करा म्हणायला लागला. चोवीस लाडू वळायला बारांपेक्षा दुप्पट वेळ लागतो हे त्याला पटवता पटवता माझा चहा गार झाला.