‘ऑप-एड’मधला ‘ऑप’ कुणाचा? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. ‘ऑप-एड’ म्हणजे वर्तमानपत्रातलं अग्रलेखासमोरचं, नावानिशी छापलेल्या मतलेखांचं पान. त्यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचे आक्षेप दोन आहेत. एक, ‘ऑप-एड’मधला ‘ऑप’ सरळसरळ ‘ओपिनियन’चा असताना मी त्यात ‘अपोझिट’ (समोरचा) घुसडला; ‘एड’ म्हणजे एडिटोरियल, अग्रलेख, यावर वाद नाही. दोन, हे पान न्यूयॉर्क टाइम्सने १९७० साली जन्माला घातलं, हे माझं वाक्य चुकीचं आहे. दुसरा आक्षेप बिनशर्त मान्य. पहिल्यावर मात्र भांडणार आहे.

आधी माझी चूक निस्तरतो. न्यूयॉर्क वर्ल्डचे संपादक हर्बर्ट बेयर्ड स्वोप यांनी १९२१ मध्येच अग्रलेखासमोरच्या पानावरचा उरलासुरला मजकूर काढून ते मतांसाठी राखून ठेवलं होतं. पण तिथे लिहिणारे वर्ल्डचेच पगारी स्तंभलेखक. टाइम्सच्या संपादकीय पानाचे प्रमुख जॉन ओक्स यांच्या पाठपुराव्यातून टाइम्सचं पान २१ सप्टेंबर १९७० रोजी निघालं, तेव्हा दार बाहेरच्या लेखकांना उघडलं. मी ‘पहिलं ऑप-एड पान’ म्हणालो. ‘बाहेरच्यांना जागा देणारं पान’ म्हणायला हवं होतं. (टाइम्समध्ये त्या जागेवर आधी मृत्युलेख छापले जायचे. मतं आली आणि मृतांना हलावं लागलं!)

आता ‘ऑप’. छापील टाइम्स उघडून धरला की डावीकडे अग्रलेख असायचा: बिननावाचा, कारण ती वर्तमानपत्राची भूमिका. त्याच्या समोर, उजव्या पानावर, नावानिशी छापलेले लेख. त्यातल्या मताचा धनी ज्याचा तो. अख्खा भेद या दोन पानांमधल्या घडीवर उभा आहे. ‘ओपिनियन-एडिटोरियल’ असा विग्रह केला की तोच पुसला जातो, कारण मत तर अग्रलेखातही असतंच. आणि ‘अपोझिट’ म्हणजे विरोधीही नव्हे. अग्रलेखाची री ओढणारा लेखही तिथे खुशाल छापता येतो.

‘सगळे ओपिनियनच समजतात’ हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण ती व्युत्पत्ती नव्हे, लोकांनी मागाहून लावलेला अर्थ आहे. माझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा खुद्द टाइम्सनेच दिला. एप्रिल २०२१ मध्ये त्यांनी हा शब्द मोडीत काढला आणि बाहेरच्यांच्या लेखांना ‘गेस्ट एसे’ म्हणायला सुरुवात केली. कारण काय, तर स्क्रीनवर समोरचं पान असं काही उरतच नाही. ‘ऑप’ ओपिनियनचा असता, तर ही अडचण आलीच नसती.

१९७०चं ते वाक्य मूळ लेखात दुरुस्त केलं आहे.