तेल सुटेपर्यंत

आमच्या घराण्यात जमीनजुमला फारसा कुणाच्या वाट्याला आला नाही. आला तो तेलाचा सढळ हात. आम्ही मूळचे जळगावकडचे. वाटीत आधी तवंग दिसतो, त्याखाली भाजी असणार हे आपण विश्वासाने धरून चालायचं. पाहुण्यापुढे बिनतर्रीची शेवभाजी ठेवली तर तो मुकाट्याने जेवून जाईल, पण पुढच्या सोयरिकीच्या बैठकीत तो विषय निघणार म्हणजे निघणार. मुळात शेव तेलात तळलेली. ती पुन्हा तेलात सोडावी, हे ज्याला पहिल्यांदा सुचलं तो आमचाच कुणी मूळपुरुष असावा.

भरताचं तर विचारूच नका. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असते. हिरवट पांढरी, जाडजूड वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात. अख्ख्या प्रकरणात बिनतेलाची पायरी ती एवढीच. मग ती लाकडी बडगीत ठेचायची, मग फोडणी, मग कळण्याची भाकरी आणि तिच्यावर कच्चं तेल. का? तर भाकरी कोरडी लागू नये म्हणून. आमच्याकडच्या त्या वांग्याला जीआय मानांकन मिळालंय. सोबत रिचवलेल्या तेलाची दखल मात्र कुणी घेतली नाही.

माझ्या रक्ताने घेतली. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, दीडशेच्या आत हवं, ते तीनशेच्या पुढे निघालं. घरी रिपोर्ट वाचून दाखवला तेव्हा नाना म्हणाले, "म्हणजे रक्तावर तर्री आली म्हण की." आवाजात काळजी कमी, समाधान जास्त.

डॉक्टरांनी साखर, मैदा, तळण, तेल असं सगळंच कमी करायला सांगितलं. गोडाचं मी पुढे ढकललं, कारण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर होती आणि रसाळीला, आमरसाच्या जेवणाला, नाही म्हणणारा माणूस आमच्याकडे अजून जन्मायचाय. तेलापासून सुरुवात केली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतल्या दोन हजार कॅलरींच्या ताटात दिवसाला तेलतूप साधारण २७ ग्रॅम बसतं. आम्ही घरात पाच माणसं. म्हणजे महिन्याला चार किलो. म्हणजे पंधरा किलोचा डबा पावणेचार महिने पुरायला हवा. आमचा डबा महिना-दीड महिन्यात वाजायला लागतो. रिकामे डबे आई टाकत नाही. एकात गहू, एकात ज्वारी, एकात कुरडया, एकात बिबड्या, गॅलरीतल्या दोघांत तुळस आणि कढीपत्ता. माळ्याकडे मान वर करून बघितलं की घराण्याचा लिपिड प्रोफाइल रचून ठेवलेला दिसतो.

मी फोडणीची पळी उचलून ठेवली आणि डब्याशेजारी मापाचा चमचा ठेवला. आईने तो उलटसुलट करून पाहिला. "ह्याने निरांजनात घालू का?"

त्या संध्याकाळी मी तिच्याशेजारी पहाऱ्याला उभा होतो. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, लसूण यांचं काळपट वाटण कढईत पडलं आणि जागच्या जागी तळाला चिकटलं. मी पाण्याचा हबका मारला. ते चुरचुरलं, सुटलं, पुन्हा चिकटलं. आई हाताची घडी घालून बघत होती. "कडेनं तेल सुटल्याशिवाय मसाला झाला असं म्हणत नाहीत. घातलंस केवढं, सुटणार केवढं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मिरचीचा रंग आणि तिखटपणा तेलातच नीट उतरतो, पाण्यात नाही. शास्त्रही तिच्याच बाजूचं. शेवटी जी भाजी झाली ती मातकट रंगाची होती. नानांनी वाटीकडे पाहिलं, मग आईकडे, आणि दबक्या आवाजात विचारलं, "कुणाचं सुतक आहे का?"

बायको माझ्या बाजूने उभी राहील असं वाटलं होतं. पण ती नागपूरची. सावजीवर वाढलेल्या माणसाकडून त्या आघाडीवर कुमक येत नसते.

त्यातच चोपड्याहून मामा आले. मामा आले की भजी ठरलेली. "खाय ना रे भो, घाण्याचं तेल आहे, बाधत नाही." मी सांगितलं की मामा, एका ग्रॅममागे नऊ कॅलरी, मग ते घाण्याचं असो की पिशवीतलं. मामांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. "मग आपले आजे नव्वदी गाठून गेले ते?" आजे पहाटेपासून नांगरामागे चालत होते आणि मी सकाळपासून खुर्चीला चिकटलेला असतो, हे म्हणायला मी तोंड उघडलं. मामांनी त्यात मिरचीचं भजं घातलं.

मग नानांचाही रिपोर्ट आला. तेच ट्रायग्लिसराइड, तोच सल्ला. आणि आई एका दिवसात बदलली. माझं आजारपण तिच्या लेखी पोराचं खूळ होतं. नानांचं मात्र खरं. पण म्हणून अख्खी कढई बिघडवायची तिची तयारी नव्हती. तिने भाजी नेहमीसारखीच केली, नानांची वाटी भरली आणि पळीचा काठ रश्शाला नुसता टेकवून वरची तर्री अलगद काढत राहिली. खालचा रस्सा उघडा पडेपर्यंत. एवढ्या हलक्या हाताने तिने माझ्या रिपोर्टालाही कधी हात लावला नव्हता. नाना बिचारे लाल रंग जाताना बघत होते.

निघालेल्या तर्रीने एक छोटी वाटी भरली. ती आईने माझ्या ताटात ठेवली.

"टाकायची कशी? शेंगदाण्याच्या तेलाचा भाव काय झालाय! भाकरीला लावून घे."